आठ जणांची यादी

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला एकच खिडकी होती, आणि तिच्याखालची खुर्ची रफूवालीची होती. मालक दोनदा बदलले, खुर्ची बदलली नाही. बरोबर साडेनऊला ती चष्म्यावर भिंग चढवायची. एखाद्या कोटाला कसरीने पाडलेलं भोक पुढ्यात घ्यायची आणि त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चिमट्याने एकेक धागा ओढून काढायची. बाहेरचा धागा कितीही जुळता असला तरी उन्हात चुगली करतो, असं तिचं म्हणणं. कपड्याचं भोक कपड्याच्याच धाग्याने भरायचं. संध्याकाळी उजेड गेला की काम बंद. बल्बखाली रफू करणाऱ्यांना ती रफूगार मानतच नसे.

तिचा दुसरा नेम वर्षातून एकदाच यायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठ दिवसांत जो कोणी फादरपुढे पापनिवेदन करून, चर्चमध्ये मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेऊन कबरस्तानात जातो आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, त्याला रोज एका आत्म्यासाठी पूर्ण माफी मिळवता येते, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात वाट पाहणाऱ्या आत्म्यांना स्वतःसाठी काही करता येत नाही. त्यांचं जे काही करायचं ते आपणच करायचं. आठ दिवस, आठ जण. तिची यादी ठरलेली होती: आई, वडील, नवरा, सासू, धाकटा भाऊ, शिवण शिकवणाऱ्या बाई, शेजारच्या आजी. आठवा दिवस ज्याचं कोणीच नाही अशा आत्म्याला.

"दरवर्षी तेच आठ?" समोरच्या टेबलावरचा इस्त्रीवाला विचारायचा. तो देवाचं नाव फक्त इस्त्रीचा चटका बसला की घ्यायचा. "एकदा पूर्ण माफी झाली ना? मग परत कशाला?"

"वरून पोच येते का?" ती सुईत धागा ओवत म्हणायची. "कुठे अर्धवट राहिलं असलं तर?"

"आणि सासूला चौथा नंबर?"

"पाचवा दिला असता तर तिथूनही बोलली असती."

त्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात भाची आली. अठरा वर्षांनी. रफूवालीने तिला चेहऱ्यावरून नाही, मान तिरकी करून उभं राहण्यावरून ओळखलं. तिची थोरली बहीण, ताई, अशीच उभी राहायची.

ताई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. निरोप आला होता, रफूवाली गेली नव्हती.

भाचीने पिशवीतून एक राखाडी लोकरी कोट काढला. "आईचा आहे. कोपरावर विरलाय. मी वापरीन म्हणते."

रफूवालीने कोट उजेडात धरला. "दोन आठवडे लागतील."

"मावशी, अजून एक होतं." भाची काउंटरला टेकली. "आई दरवर्षी त्या आठ दिवसांत कबरस्तानात जायची. आठही दिवस आजीसाठीच. म्हणायची, चूक माझी होती, निस्तरायची मीच. आता आईसाठी कोण जाणार? मला त्यातलं काही येत नाही, खरं सांगायचं तर माझा तेवढा विश्वासही नाही. पण तिचा होता. तू घेशील का तिला?"

"माझी यादी भरलेली आहे."

"सगळी?"

"सात माझे. आठवा ज्याचं कोणी नाही त्याचा."

भाचीने पिशवीची घडी घातली. आवाज न चढवता म्हणाली, "मग तिथे घाल. आईचं कोणी नाही असंच समज."



ताईची चूक रफूवालीला तोंडपाठ होती. आई शेवटच्या आजारात ताईकडे होती. रोज फोन व्हायचा आणि ताई रोज सांगायची, "बरी आहे, झोपलीय." त्या दिवशीही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई गेली. फादरना बोलावलं नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला फादर लावतात ते शेवटचं तेल लागलं नाही, पापनिवेदन झालं नाही. रफूवालीने विचारलं तेव्हा ताई म्हणाली होती, "फादरना बघून ती घाबरली असती गं." तेवढ्यासाठी आई विनातेलाची गेली, आणि आता तिथे किती काळ तिष्ठत बसली असेल कोण जाणे. रफूवालीने तिथल्या तिथे बोलणं तोडलं. तो राग तिने पापनिवेदनात कधी सांगितला नाही. पाप असतं तर सांगितलं असतं. तिच्या लेखी तो न्याय होता.

दोन दिवसांनी फादर झगा घेऊन आले. तरुण होते, सायकल जोरात चालवायचे, त्यामुळे झग्याचा घेर सारखा चेनमध्ये सापडायचा.

"मावशी, या वेळी जरा मोठं आहे."

"तुम्ही सायकल चालवता की नांगर?" तिने झगा उलटा केला आणि मान वर न करता विचारलं, "फादर, मनात कोणाविषयी राग असला तर ती नोव्हेंबरची माफी लागू होते का?"

"होते, पण पूर्ण नाही. पूर्ण माफीसाठी मन पापातून सुटलेलं लागतं. बारीकसारीक पापातूनसुद्धा."

"राग बरोबर असला तरी?"

"बरोबर असलेला राग तर जास्तच घट्ट धरून ठेवतो माणूस."

तिची बोटं थांबली. अठरा वर्षं ती दर नोव्हेंबरला आईसाठी गेली होती, आणि दर वर्षी आईसाठी प्रार्थना करताना तिला ताईचा राग नव्याने आला होता. म्हणजे आईच्याच दिवशी राग सगळ्यात ताजा. अठरा वर्षं आईला अर्धंच मिळालं. वडिलांना अर्धं. नवऱ्याला अर्धं. तेल न लावून ताईने आईला थांबवलं असेल, तर तिने स्वतः काय केलं होतं?

"मग माझ्यामुळे ते अजून..."

फादर स्टुलावर बसले. "मावशी, तिथलं घड्याळ आपल्याकडे नाही. किती आणि केव्हा, ते देवाने बघायचं. आणि तेल लावायचं राहिलं म्हणून तो कोणाला दारातून हाकलत नाही."

"तरी पण."

"तरी पण राग सोडा," फादर म्हणाले. "सोपं आहे असं मी म्हणत नाही."

तीस तारखेला तिने पापनिवेदन केलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिथे ताईचं नाव घेतलं.

एक तारखेला सकाळची मिस्सा, मग दुपारच्या सुट्टीत कबरस्तान. ताईची कबर दुसऱ्या शहरात होती, पण प्रार्थनेला गाव लागत नाही. रफूवाली नवऱ्याच्या कबरीशी उभी राहिली, मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "ताईसाठी." प्रार्थना नीट झाली. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि कानात आवाज आला: बरी आहे, झोपलीय. दात आवळून तिच्या जबड्याला रग लागली. आजचं अर्धंच गेलं, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती परत ताईसाठीच गेली. तिसऱ्या दिवशीही.

"आज कोण?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"तीच."

"बाकीचे रांगेत ओरडत असतील."

"ओरडू देत. हे नीट झाल्याशिवाय पुढचं काय नीट होणार?"

पाचव्या दिवशी तिने कोट हातात घेतला. कोपराचं भोक उघडलं आणि धागा काढायला अस्तर उसवलं, तर आत ताईचे टाके. काळ्या धाग्याचे, सुतळीसारखे, दर दोन टाक्यांनी गाठ. खिशाला, काखेत, कॉलरखाली, जिथे जिथे कोट फाटला होता तिथे तिथे ताईने त्याला नुसता बांधून टाकला होता. रफूवालीला हसू आलं. शिवणाच्या वर्गात बाईंनी ताईचा रुमाल वर धरून विचारलं होतं, "हे शिवलंय की जखमेला टाके घातलेत?" ताईला सुई कधी धरताच आली नाही. पण फाटलेलं दिसलं की ती आधी धावायची, येत असो वा नसो.

एकेक गाठ कापताना रफूवालीला वडील गेले तो दिवस आठवला. फादर काळा झगा घालून दारात आले, आणि आई किंचाळून खोलीच्या कोपऱ्यात गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं तो झगा रस्त्यात दिसला तरी आई वाट बदलायची. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती. आईला कोपऱ्यातून बाहेर तिने काढलं होतं. रफूवाली शेजाऱ्यांकडे झोपली होती; सकाळी तिला हे ताईनेच सांगितलं होतं.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फोनवरचं ते एक वाक्य अठरा वर्षं या आठवणीच्या आड उभं होतं.

सहाव्या आणि सातव्या दिवशीही जबड्याला रग लागली, पण थोडी.

आठव्या दिवशी कबरस्तानात दोन माळी पाण्याचा पाइप आपापल्याकडे ओढत भांडत होते. ती मेणबत्ती वाऱ्यापासून आडोशाला लावून उभी राहिली. प्रार्थना केली. नवऱ्याच्या दगडावरची पानं झाडली. "तुम्ही थांबा या वर्षी," ती म्हणाली. "तुम्हाला सवय आहे. अर्धा जन्म दुकानाबाहेर सायकल धरून उभे राहिलात. आईचं आणि बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघते."

दुकानाची पायरी चढताना तिच्या लक्षात आलं, की वाटभर ती ताईच्या त्या रुमालाचा विचार करत आली. फोन आठवलाच नाही.

"झाली यादी?" इस्त्रीवाला म्हणाला.

"एक झाली."

"आठ दिवसांत एक?"

"भोक मोठं होतं."

दुसऱ्या दिवशी भाची कोट न्यायला आली. कोपर बोटांनी चाचपलं, उजेडात फिरवलं, भोक सापडलं नाही. मग कॉलर उलटली आणि तिला तिथे काळा जाड टाका दिसला, गाठीसकट.

"मावशी, हे राहिलं वाटतं."

"राहू दे," रफूवाली म्हणाली. "ते तिचं आहे. बाहेरून दिसत नाही." आणि भिंग खाली ठेवून पहिल्यांदाच काउंटरच्या बाहेर भाचीजवळ आली. "तुझी आई किती आठवडे आजारी होती? बस. पहिल्यापासून सांग."