प्रूफबाईंचा करार

अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचणाऱ्या बाईवर स्वतःच्या पुस्तकाबाबत अशी वेळ यावी, याचा संताप येऊ नये तर काय व्हावं? छापखान्यावरच्या खोलीत, एका डुगडुगत्या टेबलाशी ती बसायची. सगळे तिला प्रूफबाई म्हणत. तिची एक पद्धत होती: पान शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायचं. अर्थाच्या ओघात वाहून गेलं की चूक हातावर तुरी देऊन निसटते, असं तिचं म्हणणं.

नवे लेखक आले की तिच्याच टेबलाशी थबकत. कुणी पुनर्मुद्रणालाच नवी आवृत्ती समजे, कुणाला मलपृष्ठ म्हणजे काय तेच ठाऊक नसे. प्रकाशक खेकसायचा, बाई समजावायची. "अहो, मजकूर तोच ठेवून पुन्हा छापलं की पुनर्मुद्रण. आत फेरफार केले की नवी आवृत्ती." शेवटी तिनं या साऱ्या शब्दांचं छोटंसं पुस्तकच लिहिलं. नवऱ्यानं चष्मा चढवून मुखपृष्ठावरचं तिचं नाव तीनदा वाचलं. "लेकीला नि जावईबापूंना दाखव आधी," म्हणाला. तिच्याच प्रकाशकानं काढलेलं ते पुस्तक हातोहात खपलं.

दोन वर्षांनी नव्या आवृत्तीची प्रूफं तिच्याच टेबलावर आली. लेखक म्हणून नाव प्रकाशकाचं! आणि स्वामित्वहक्काचं प्रकरण, ज्यात तिनं 'न वाचता सही करून आपल्या मजकुराचा हक्क कुणाला देऊन टाकू नका' असं बजावलं होतं, ते सबंध गाळलेलं. निर्लज्जपणाची हद्द झाली!

ती तरातरा त्याच्या केबिनमध्ये गेली. "माझं नाव कुठंय?"

"करार बघा ना, बाई. सातवं कलम. सगळे हक्क आमचे, नाव कुणाचं घालायचं तेही आम्हीच ठरवणार. सही तुमचीच आहे."

सही होतीच. शिवाय लाल शाईतल्या चार दुरुस्त्याही होत्या. करारही तिनं सवयीनं उलटाच वाचला होता. अक्षर न् अक्षर तपासलं होतं, पण लिहिलंय काय ते डोक्यात शिरलंच नव्हतं. स्वतःच्या गाढवपणाची तिला इतकी चीड आली की कान तापले. पण त्या माणसाबद्दलची चीड त्याहून मोठी होती. त्या दुरुस्त्या बघून तो तेव्हा गालातल्या गालात हसला असणार!

बाहेरच्या बाकावर एक शिक्षिका आपल्या पहिल्या पुस्तकाचा करार मांडीवर घेऊन बसली होती. पेनाचं टोपण काढलेलं.

"सही केलीत?"

"करतेच आहे. छापील नमुना आहे, सगळेच करतात म्हणाले."

आपलं पुस्तक हातचं गेलं, हे प्रूफबाईला कळून चुकलं होतं. तिनं खुर्ची ओढली. "पेन ठेवा खाली. सातवं कलम काढा आणि मोठ्यानं वाचा."

"बाई, तुमची प्रूफं पडलीत तिकडं!" केबिनच्या दारातून प्रकाशक ओरडला.

"पडू देत."

शिक्षिका वाचू लागली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बाई तिला एकेका शब्दाचा अर्थ सांगू लागली.