भट्टीआधीची उत्तरपूजा

विघ्नहर्त्या श्रीगजाननास आणि आमच्या ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरास वंदन करून, आज खंडेनवमीच्या दिवशी हे चार शब्द लिहीत आहे. सकाळी घरातील विळी-कात्री पूजेस मांडताना गतवर्षीची हीच तिथी आठवली आणि मन पुन्हा तसेच हलके झाले.

अक्कलकोट रस्त्यावर आमच्या शेजारणीच्या मुलाने मोटारसायकलींच्या सुट्या भागांना पावडर कोटिंग करून देण्याचा, म्हणजे रंगाची पूड फवारून ती भट्टीत पक्की करण्याचा, कारखाना काढला होता. उद्घाटनाची पूजा मी सांगत होतो. पहिले काम वैरागच्या एका गॅरेजवाल्याचे होते, दोन चाकांचे. ती मनासारखी झाली तरच तो आपले पुढचे सारे काम देणार होता, आणि त्याच परीक्षेसाठी समोर खुर्ची टाकून बसला होता.

वाळूच्या माऱ्याने जुना रंग उतरवलेली ती चाके राखाडी, कोरी होऊन आकड्यांना लटकत होती. भट्टीची पूजा चालू असताना शेजारणीने सुनेला खुणावले. सुनेने तेलात बोट बुडवून दोन्ही चाकांवर कुंकवाची ठसठशीत स्वस्तिके रेखली. पूजा आटोपून मुलगा पावडरची बंदूक घेऊन आला आणि थबकला.

"आई, हे काय केलंस? तेलावर पावडर धरत न्हाय. भट्टीत फोड येतील."

"मग काय, पुसतोस? पहिल्याच दिवशी बायकोनं लावलेलं कुंकू नवऱ्यानं पुसायचं? बेड, बेड!" घाबरली की ती कन्नडात नको म्हणते.

सुनेचा चेहरा उतरला. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुजी, चाक रंगवायचंय का लगीन लावायचंय? सांगा की, म्हंजे आहेर आणतो."

कोणी हसले नाही. सारे माझ्याकडे पाहू लागले. मुलाला काम गमवायचे नव्हते आणि आईचे मनही मोडायचे नव्हते. मी पोथी मिटली. आमच्या कोणत्याही पोथीत पावडर कोटिंग नाही. परंतु निरोपाचा विधी आहे.

"वहिनी, भाद्रपदात आपण गणपतीला निरोप देतो, तेव्हा देव पुसून टाकला असं म्हणतो का? आवाहन केलं की विसर्जन आलंच. या चाकांची उत्तरपूजा करू."

"ते चालतं?"

"चालतं नव्हे, करावंच लागतं."

चाकांवर अक्षता वाहून देवतांना स्वस्थानी जाण्याची प्रार्थना केली. सुनेने चाकावरचे कुंकू बोटाने टिपून स्वतःच्या कपाळी लावले, उरलेले भट्टीच्या दाराला. मग मुलाने चाके थिनरने धुतली, पुन्हा वाळूच्या माऱ्याखाली धरली, त्यांवर काळी पावडर फवारली आणि ती भट्टीत सरकवली. माझ्या हाती जपमाळ होती. खरे सांगायचे तर डोळे त्या दारावरच होते. शेजारीण पदर मुठीत धरून बसली होती.

दार उघडले. चाके निवल्यावर गॅरेजवाल्याने कडेवरून अंगठा सावकाश पूर्ण फिरवला.

"फोड न्हाय. लई गुळगुळीत हाय." मग तो शेजारणीकडे वळला. "मावशी, पुढची चाकं सोमवारी आणतो. तेवढं कुंकू भट्टीलाच लावा."

"आणि तू आहेर विसरू नकोस!" ती म्हणाली, आणि तिच्या हातातला पदर सुटला. सून तोंडावर हात धरून हसत होती.

वाचकहो, आपल्याही घरी हाती घेतलेले पहिले काम निर्विघ्न तडीस जावो, लेकीसुनांच्या कपाळीचे कुंकू अखंड राहो, आणि श्रीसिद्धेश्वर आपल्या कुटुंबास आरोग्य व समाधान देवो.