धुक्यातल्या फोटोतली बाई

धान कापून झाल्यावर शेतांवर धुकं उतरतं, तेव्हा ती केस मला आजही आठवते. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. आंधळगावकडचा एक किराणा दुकानदार आत आला आणि त्याने मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

पडद्यावर एका हॉटेलची जाहिरात होती. आमच्या हद्दीत तलावाकाठी सहा खोल्यांचं हॉटेल नवीनच सुरू झालं होतं. मालक त्याला बुटीक हॉटेल म्हणायचा. फोटोत पहाटेचं धुकं, दगडी पायऱ्या, कमळाची पानं, आणि पाण्याशी पाठमोरी उभी असलेली एक बाई. फोटो असा होता की पाहणाऱ्याला तिथे जाऊन नुसतं बसून राहावंसं वाटावं.

"हे माही बहीण आहे साहेब," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली, बेपत्ता आहे."

"चेहरा तर दिसत नाही."

"पाय पाहा. एक पाय दुसऱ्याच्या गुडघ्याले टेकवून उभी आहे. धानाच्या रोवणीच्या वेळी थकली का बांधावर अशीच उभी राहे. माय तिले बगळी म्हणे."

जुनं मिसिंग रजिस्टर काढलं. नोंद होती: सासरहून निघून गेली. तपासात काही निष्पन्न नाही. एवढ्या धाग्यावर कोणी तपास उघडत नाही, पण तो टेबलासमोरून हलायला तयार नव्हता. मी जीप काढायला सांगितली.

हॉटेलमालकाने चहा मागवला, परवान्याचे कागद पुढे केले. फोटो आमच्याच तलावाचा, असं तो ठामपणे म्हणाला. मी मागच्या दाराने काठावर गेलो. तिथे दगडी पायऱ्याच नव्हत्या. खोटं बोलणारा माणूस कागद फार लवकर दाखवतो, हा माझा अनुभव आहे. मग मालकाकडून नाव घेऊन फोटो काढणाऱ्या मुलीला ठाण्यात बोलावलं. ती भंडाऱ्यात लग्नाचे फोटो काढायची. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारलं, "हा फोटो कुठला?"

ती म्हणाली, "सर, हॉटेलच्या तलावात बेशरमाची झुडपं माजली होती. पाणीच दिसत नव्हतं. मालक म्हणाले, पाहुणे फोटो पाहून येतात, चांगला फोटो पाहिजे. माझ्याकडे आसगावकडच्या एका बोडीचा, म्हणजे लहान तलावाचा, फोटो होता, तो दिला."

"बाईला विचारलं होतं?"

"नाही सर. ती इतकी शांत उभी होती, की मला हाक मारवली नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या बोडीवर पोचलो. सोबत दुकानदार आणि महिला शिपाई. धुक्यात पाणी आणि आभाळ वेगळं करता येत नव्हतं. कुठूनतरी धुणं आपटल्याचा आवाज यायचा आणि विरून जायचा. आम्ही सगळेच हळू बोलत होतो. धुकं थोडं हललं, आणि ती पायऱ्यांवर दिसली. तशीच, एका पायावर.

भाऊ दोन पायऱ्या उतरला. तिने वळून पाहिलं. तिने आधी पाय खाली टेकवला, मग पदर सारखा केला.

"काहून आला गा दादा?"

"तुले शोधून राहिलो, बाई. नऊ वर्षं."

"मी हरवली नोती," ती शांतपणे म्हणाली. "सासरी मार खाऊन तुह्या दारात आली होती. तूच मले एसटीत बसवून वापस पाठवलं. मी मधातच उतरली."

तो पायरीवर खाली बसला. ही गोष्ट त्याने तक्रारीत सांगितली नव्हती, आणि आमच्यापैकी कोणी विचारलीही नव्हती.

गावातल्या एका एकट्या म्हातारीने तिला आसरा दिला होता. दोघी मिळून शिंगाडे काढून बाजारात विकायच्या. महिला शिपायाने तिच्या घरी जबाब घेतला: मी स्वखुशीने येथे राहते, माझा पत्ता सासरी कळवू नये. सज्ञान बाईचा शब्द कायद्याने शेवटचा. आम्ही मिसिंगची नोंद बंद केली. फोटोचं तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले घरचं कोणी पाहू नये म्हणून इथं राहिली, अन् हे सगळ्या जगाले दाखवून राहिले." संध्याकाळपर्यंत मी मालकाला तो फोटो जाहिरातीतून काढायला लावला. ती मुलगी स्वतः जाऊन तिची माफी मागून आली.

त्या सकाळी तिच्या घरून निघताना भाऊ म्हणाला, "घरी चाल." तिने मान हलवली. नाही. पण त्याला चहा दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी बसली.

त्यानंतर माझ्या नोकरीत बेपत्ता माणसांच्या जेवढ्या तक्रारी आल्या, त्या प्रत्येकीत मी वर्णन, कपडे, उंची लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला: शेवटचं भेटलात तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात? बहुतेक माणसं खाली पाहायची. मी पेन बाजूला ठेवून थांबायचो. तपास तिथून सुरू व्हायचा.