सुनेच्या ओळीत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणी वाचलंच तर हसू नये.

माझी सून दिघीच्या आमच्या दोन खोल्यांत बसूनच कंपनीचं काम करते. शाळा, दवाखाने आपापल्या वेबसाइटवरचा मजकूर ज्यात लिहितात, ते सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवते. आधी त्यात एकाने पान उघडलं की दुसऱ्याने थांबायचं. आता दोघांना एकाच वेळी एकाच पानावर लिहिता यावं, अक्षरं ठळक करता यावीत, रंगवता यावीत, हे काम सुनेकडे आलं होतं. ते जमलं तर तिची नोकरी पक्की होणार होती. तिच्या कोर्ससाठी मी तळेगावच्या माझ्या भावाकडून पैसे आणले होते. नोकरीशिवाय ते फिटणार नाहीत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, पण त्यावर कधी बोललो नाही.

एक चूक तिला सापडत नव्हती. दोन माणसं एकदम लिहू लागली की कधीकधी शब्द गायब व्हायचे. एकटीच लॅपटॉपवर आणि मोबाइलवर टाइप करून ती दमली. शेवटी म्हणाली, "आई, तुमच्या मोबाइलवरून माझ्याबरोबर लिहाल का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायची गरजच नाही. मनात येईल ते लिहा."

मी ओट्यापाशी स्टुलावर, ती आत पलंगावर. पानावर ती जिथं लिहील तिथं तिची निळी रेघ सरकायची. माझी गुलाबी होती, आणि तिच्यावर एवढीशी पाटी: आई. एका बोटाने मी लिहिलं, आज मेथी आणली. निळी रेघ माझ्या ओळीत आली की मी बोट उचलायची, ती गेली की पुन्हा लिहायची. दोन दिवस असंच चाललं. एकही शब्द हरवला नाही, आणि सुनेचा चेहरा उतरत गेला.

मुलगा चाकणहून शिफ्ट संपवून आला, आमचं बघत उभा राहिला.

"अगं, सापडणार कशी चूक? तू ओट्यापाशी आलीस की आई भिंतीला चिकटते. इथंही तेच चाललंय!"

सून हसत सुटली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, बाजूला होऊ नका. खुशाल माझ्या ओळीत घुसा."

मला जड गेलं. माझ्या सासूबाई पुढे आल्या की आम्ही सुना हात मागे घ्यायचो. परातीतनं, ओट्यावरनं, बोलण्यातनंसुद्धा. ते अंगात मुरलं होतं. पण निळी रेघ आली आणि या वेळी मी बोट उचललं नाही. तू दुपारी जेवली नाहीस, असं लिहीत होते. तेवढ्यात तिने ती ओळ ठळक केली. 'तू दुपारी' एवढंच राहिलं, पुढचं नाहीसं झालं.

"गेलं! आई, गेलं!" ती आतून ओरडली.

"अगं बाई, काय बिघडवलं मी?"

"बिघडवलं कुठलं, चूक शोधून दिलीत!"

दुरुस्ती करून तिने मला पुन्हा लिहायला बसवलं. मी तेच वाक्य लिहिलं, तिने तसंच ठळक केलं. या वेळी सगळं राहिलं. तिने बहुतेक तेव्हाच ते नीट वाचलं. लॅपटॉप मिटला, ओट्यापाशी आली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून ताटं घेऊ लागली. मी सरकले नाही.

नोकरी पक्की झाली. दर महिन्याला थोडे थोडे करत पैसे फेडत आलो आणि शेवटचं पाकीट द्यायला आम्ही दोघी तळेगावला गेलो. मी पाकीट पुढे केलं, तिनेही त्याच वेळी त्याला हात लावला. एरवी मी सोडून दिलं असतं.

"दोघी धरून बसलात," भाऊ म्हणाला, "देताय का परत नेताय?"

तेव्हा कुठे आम्ही सोडलं. सगळे पैसे फिटले.