चालू ठेवलेली व्हॅन

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मे महिना, दुपारचा एक. ठाणे अंमलदाराने नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात दोन पुरुष आणि एक बाई धावत आत आले. बाईच्या हातात दुधाची बाटली होती.

"साहेब, गाडी पळवली!" त्यातला तरुण ओरडला. "गाडीत माझी पोर हाय."

हा डिंगोऱ्याचा शेतकरी. जुनी फॅमिली व्हॅन विकत घ्यायची म्हणून बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. दुसरा माणूस व्हॅनचा मालक. तरुण त्याच्या बहिणीचा दीर, म्हणजे मानाचा पाहुणा. हायवेला चक्कर मारून सगळे टपरीवर चहाला थांबले. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. आई दूध कोमट करून घ्यायला उतरली. इंजिन चालूच होतं. कुणीतरी आत बसला आणि व्हॅन घेऊन गेला.

टपरीवाल्याने सांगितलं, गाडी नाशिकच्या दिशेला गेली. मी मालकाला विचारलं, "गाडी कशी आहे? न थांबता किती लांब जाईल?"

"एक नंबर गाडी, साहेब. नाशिकपातुर हात लावायचं काम न्हाई."

मी बिनतारीवरून आळेफाट्यापासून पुढे सगळीकडे नाकाबंदी लावली आणि माझी जीपही हायवेला पिटाळली. पाऊण तास गेला. प्रत्येक नाक्यावरून एकच उत्तर, निळी व्हॅन दिसली नाही. बाकावर बसलेली आई घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

मालकाला मी पुन्हा खोदून विचारू लागलो. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हा गडी प्रत्येक उत्तराआधी पाहुण्याकडे बघतो. मी त्याला दंडाला धरून मुद्देमालाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"चहा प्यायला उतरलात, तर इंजिन बंद का नाही केलं?"

"पावण्यांना घाई व्हती..."

"घाई असलेला माणूस चहाला थांबतो? खरं बोल. पोर मेली तर जन्मभर झोप लागणार नाही तुला."

तो मटकन खाली बसला. "गरम असताना बंद केली की पाऊण-पाऊण तास चालू व्हत न्हाई, साहेब. मलाबी बोरीच्या माणसानं असंच चालू इंजिनवर दाखवली व्हती. मी दोनदा बायकापोरांना घेऊन रस्त्यात अडकलो. ह्यांनीच गाडी मागितली, न्हाई कसं म्हणू? आन् आता ह्यांच्यासमोर कसं बोलू? बहिणीला सासरी जन्मभर टोमणे खावे लागतील."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ठीक. पण त्या मुठीत कुणाचं तरी लेकरू होतं. मला इतका संताप आला, की हात उचलला जाऊ नये म्हणून मी खोलीबाहेर पडलो.

आता चित्र स्पष्ट झालं. पोरगी जागी होऊन रडली असणार. चोर घाबरून आडवाटेला शिरला असणार, आणि एकदा इंजिन बंद केलं तर गाडी तिथेच. म्हणजे ती आळेफाट्याच्या अलीकडेच होती. मी सगळी माणसं हायवेवरून काढून आतल्या रस्त्यांना लावली. मी स्वतः ठाण्यातल्या एका हवालदाराला मागे बसवून मोटारसायकलवर खोडदची वाट धरली. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या अलीकडे एका द्राक्षबागेच्या कडेला, मातीच्या वाटेवर व्हॅन उभी होती. दारं बंद, काचा लावलेल्या. ऊन नुसतं भाजत होतं.

मी दार ओढलं. आतून भट्टीसारखी झळ आली. पोरगी सीटखाली पडली होती, अंग तापलेलं, ओठ सुकलेले. हवालदाराने रुमाल भिजवून तिच्या तोंडावर फिरवला. काही क्षण काहीच झालं नाही. मग तिने बारीकसा आवाज केला. आमचा हवालदार मिशीवाला, दांडगा माणूस, पण तिथेच रडला. मीही रडलो.

चोर दोन दिवसांनी एसटी स्टँडवर सापडला. पोरीचं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने काचा लावल्या होत्या. गाडी चालू होईना तेव्हा तो तसाच पळाला.

माणूस पोलिसांना जेवढा घाबरतो, त्याहून जास्त सोयऱ्यांना घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याला त्याला वेगळं बसवून विचारावं, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. पण मालक मला आरोपी वाटला नाही, म्हणून मी त्याला पाहुण्यासमोरच विचारलं. ती पोर पाऊण तास जास्त तापत राहिली, ती माझ्या या चुकीमुळे.

संध्याकाळी दवाखान्यात तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. "साहेब, तुमच्यामुळं माझी पोर मिळाली."

मी "असू द्या, असू द्या" म्हणत मागे सरलो. खरं सांगायला जीभ उचलली नाही. अहवालातही मी ते लिहिलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.