पुष्पांजली लंजे आणि चारशे यंत्रांचा गलका

भावाची तेरवी आटोपून पुष्पांजली लंजे कामावर परतली तेव्हा कोणी तिच्याशी फारसं बोललं नाही. शेजारच्या टेबलावरच्या नीतूनं तेवढं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्पांजलीला तो हात जाणवला, पण लांबून, जाड गोधडीतून जाणवावा तसा. तिनं कॉम्प्युटर सुरू केला, दोन आठवड्यांच्या तक्रारी वाचल्या आणि वरून एकेक निकाली काढायला लागली.

गोंदियातल्या एका तांदूळ कंपनीच्या मुख्य कार्यालयाचं नेटवर्क ती सांभाळायची. वय चौतीस, लग्न केलेलं नाही. सौंदडजवळच्या खेड्यातली कोहळी समाजातल्या शेतकरी घरची पोर. गावाकडं आई कुंदाबाई आणि मोहित, तिच्याहून पाच वर्षांनी लहान भाऊ. वडील केव्हाच गेले होते. शेती मोहित बघायचा.

कार्यालय चार मजल्यांचं. चारशेवर कॉम्प्युटर, शिवाय प्रिंटर, कॅमेरे आणि टेबलाटेबलावरचे फोन, सगळं एकाच जाळ्यात जोडलेलं. अशा जाळ्यात एका यंत्राला दुसऱ्याशी काम पडलं की आधी ते सगळ्यांनाच विचारतं, अमुक पत्ता कोणाचा? सगळी यंत्रं हातातलं काम क्षणभर सोडून ते ऐकतात आणि उत्तर एकच देतं. पन्नास यंत्रांत हे खपून जातं. चारशेंत नुसता गलका होतो. जाळ्याचे भाग पाडा, फोन वेगळे करा, असं पुष्पांजली दोन वर्षं सांगत होती. व्यवस्थापक श्यामलालजी दर वेळी तिला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मॅडम, चल रहा है तो चलने दो."

मग सप्टेंबरातला तो सोमवार आला. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवलं आणि लोंबणारी वायर दिसली म्हणून तिची दोन्ही टोकं जाळं जोडणाऱ्या एकाच डब्यात खोचून दिली. झालं. एकदा दिलेली हाक त्या वायरीतून गोल फिरून परत येऊ लागली, एकीच्या दोन, दोनाच्या चार. दहा मिनिटांत सगळं कार्यालय ठप्प झालं, फोनसुद्धा. पुष्पांजली मोबाईल टेबलावरच ठेवून धावली आणि दोन तास टेबलांखाली रांगत ती वायर शोधत राहिली. सापडली तेव्हा पावणेएक झाला होता. तिनं ती उपटली आणि सगळं सुरळीत झालं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

टेबलाशी आली तर मोबाईलवर आईचे सतरा फोन येऊन गेलेले.

सडक अर्जुनीजवळ हायवेवर ट्रकनं मोहितच्या गाडीला उडवलं होतं. दवाखान्यात आईला विचारलं गेलं, गोंदियाला न्यायचं की नागपूरला? कुंदाबाईनं आयुष्यात असा निर्णय एकटीनं घेतला नव्हता. तिनं आधी मुलीचा मोबाईल लावला, मग कार्यालयाचा नंबर, पुन्हा मोबाईल. चाळीस मिनिटं. शेवटी गोंदिया म्हणाली. मोहित वाटेतच गेला.

ती चाळीस मिनिटं वाचली असती तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पुष्पांजलीनं मान डोलावली. ती रडली नाही, घरीही नाही आणि घाटावरही नाही. बायांनी कुजबुज केली, तीही तिला ऐकू आली आणि लागली नाही.

नोव्हेंबरात तिनं नेटवर्कचा जुना प्रस्ताव तारीख बदलून पुन्हा पुढं केला. श्यामलालजींनी न वाचताच सही केली. त्यांना तिच्याकडं बघवेना. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिनं कागद घेतला आणि खाली आली.

दोन महिने ती वायरींना चिठ्ठ्या लावत होती. प्रत्येक विभागाचा वेगळा भाग पाडला, म्हणजे एका भागातली हाक त्याच भागात राहील. फोनला वेगळा भाग, कॅमेऱ्यांना वेगळा. विनाकारण आपलं नाव पुकारत बसणारे जुने प्रिंटर गप्प केले. वायर पुन्हा उलटीसुलटी लागलीच, तर डब्याचं ते तोंड आपोआप बंद व्हावं अशी सोय केली. एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटीनं सगळं नव्या रचनेवर नेलं. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरचं नेटवर्क सुरूच झालं नाही. तिथल्या कॉम्प्युटरांना पत्ते वाटणारी सेटिंगमधली एक ओळ तिच्याकडून राहून गेली होती. अर्धा तास लोक वैतागले. तिनं ओळ टाकली, माफी मागितली.

त्या दिवसांत कुंदाबाई तिच्याकडं गोंदियाला राहायला आली होती. अपघाताबद्दल ती चकार शब्द काढत नसे. एका दुपारी वांगी चिरता चिरता तिनं विचारलं,

"तुमच्या हाफिसचा फोन त्या दिवशी काऊन नाई लागला वो?"

पुष्पांजलीनं सांगितलं. एका यंत्राचं काम, हाक मात्र सगळ्यांना. ती हाक फिरत राहिली आणि तिच्यात खरा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही.

कुंदाबाईनं विळीवरचा हात थांबवला. "मी बी तसंच केलं माय. दवाखान्यात दिसन त्याले इचारत होती, काय करू म्हणून. साऱ्याईले इचारलं. कोणी सांगन का?"

"मोबाईल ठेवून गेली मी, तरी मले कोणीच काई म्हटलं नाई," पुष्पांजली म्हणाली. "तू बी नाई."

"काय म्हणू? तू का मुद्दाम केलं?"

चिरलेली वांगी तोवर काळी पडली होती, तरी कुंदाबाईनं तीच फोडणीला टाकली.

महिनाभरानं पुष्पांजलीनं मोजणी केली. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरवर सेकंदाला नऊशेच्या आसपास फुकट हाका आदळत. आता तीसही नव्हत्या. हा आकडा तिनं अहवालात लिहिला. कार्यालयात कोणाच्या लक्षात काही आलं नाही. नेटवर्कचं असंच असतं, नीट चाललं की ते नसल्यासारखंच.

पुढं कंपनीनं तिला तिरोड्याच्या गोदामात तेच काम करायला पाठवलं. तिथले कारकून यादोराव जुन्या वळणाचे. दुपारी डबा उघडला की समोरच्याला वाढल्याशिवाय घास घेत नसत. बोदलकशाच्या तलावातली मासोळी आहे म्हणाले. पुष्पांजली सवयीनं नको म्हणणार होती, पण तिनं ताट पुढं केलं. मग आणखी भात मागितला. चव कशी होती असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पोट मात्र भरलं. हात धुऊन ती पुन्हा वायरींना चिठ्ठ्या लावायला बसली.