चौदा गुट्या

झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुटी बांधलेली फांदी हिरवीगार राहिली की बघणारे खूश होतात आणि बांधणाऱ्याला शंका येते. दवाखान्याच्या बागेत ही गोष्ट एकट्या गुटीबाईंना ठाऊक होती आणि त्या ती कुणाला सांगत नव्हत्या.

मधल्या चौकातल्या चेरीच्या झाडावर चौदा गुट्या होत्या. मुठीएवढी गाठोडी, वरून काळं प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. आठवा आठवडा चालू होता. येता-जाता सिस्टर म्हणत, "बाई, सगळ्या जगल्या की हो. पानं बघा कशी टवटवीत." बाई "हो ना" म्हणत आणि झारी या हातातून त्या हातात घेत.

पान हिरवं असणं हा पुरावा नव्हे. पाणी लाकडातून वर चढतं, साल काढली तरी चढतंच. पानात तयार झालेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं. ती वाट तोडली की अन्न कापाच्या वरच्या कडेला तुंबतं, आणि ओलं शेवाळ बांधलेलं असेल तर तिथे मुळं फुटतात. वाट अर्धवट तुटली, तर साल मुकाट्याने पुन्हा जुळते. फांदी मजेत राहते, आणि गाठोड्यात शेवाळाखेरीज काही नसतं. नीट तुटलेल्या फांदीची पानं उलट जरा फिकी पडतात, कधी अवेळी लालसर होतात.

म्हणजे चौदांपैकी फिकी किती, एवढं पाहिलं असतं तरी अंदाज आला असता. बाईंना तेच दिसत नव्हतं. गेलं वर्षभर त्यांना सगळीच पानं एका रंगाची दिसत होती, पाणी जास्त झालेल्या चहासारखी.

बाई सत्तावन्न वर्षांच्या. तीस वर्षांपूर्वी दवाखान्यात आल्या त्या फरशी पुसायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या माळ्याने एकदा त्यांना अंजिराची फांदी धरायला बोलावलं आणि त्यांची बोटं बघून परत पाठवलंच नाही. वर्षभरात त्या त्याच्याइतकी चांगली गुटी बांधायला लागल्या, दोन वर्षांत त्याच्याहून चांगली. कुंपणाची लिंबं, दाराशी असलेले अंजीर, परिचारिकांच्या खोल्यांपुढची मोठ्या पानांची झुडपं, सगळी त्यांच्या हातची. खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं, तोंडी गुटीबाई झालं.

चेरीला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता, कारण गरज पडली नव्हती. झाड इमारतीहून जुनं. कुठल्या जातीचं, हे सांगणारी पाटी कुणाच्या आठवणीतही नाही. कळ्या गुलाबी, फूल उमलतं दुहेरी पाकळ्यांचं आणि पांढरं, आणि गळायच्या दोन दिवस आधी पुन्हा गुलाबी होतं. फळ धरत नाही. फुलांच्या दिवसांत खिडकीकडची खाट मिळावी म्हणून पेशंट भांडतात.

आता तिथे नवी इमारत होणार होती. खोड आतून पोकळ, त्यामुळे झाड उपटून दुसरीकडे लावणं शक्य नव्हतं. काड्या जमिनीत खोचून चेरी लागत नाही. थंडीत बाईंनी फुटव्याचे डोळे असलेल्या काड्या काढून एका रोपवाटिकेत दुसऱ्या रोपांच्या खुंटांवर कलम करायला पाठवल्या होत्या, त्यातली एकही धरली नाही. उरली गुटी. नकाशा काढणाऱ्याने नव्या चौकात झाडांसाठी सहा गोल काढून ठेवले होते. अधीक्षक त्या गोलांवर बोट ठेवून म्हणाले होते, "तुम्ही रोपं दिलीत तर हीच लावू. नाही जमलं तर बाजारातून कुठलीही आणू."

त्या "कुठलीही"ने बाईंची झोप उडवली होती.

गुट्या बांधल्या त्या दिवशी ऊन लख्ख होतं. पेन्सिलएवढ्या जाड फांद्या निवडायच्या, दोन बोटं रुंदीची साल गोल काढायची. साल निघाली की खाली एक हिरवट, बुळबुळीत थर राहतो, सुरीच्या पाठीने तो पूर्ण खरवडायचा. कागदाहून पातळ थर, पण केसाएवढा जरी राहिला तरी साल त्याच्यावरून पूल बांधून पलीकडे जाते. मग मुळं फुटवणारी पावडर, पिळलेलं शेवाळ, प्लास्टिक, सुतळी. हे बाईंनी हजारदा केलं होतं. त्या दिवशी सुरीखाली पाहिलं तर हिरवंही नाही, पांढरंही नाही, नुसता उजेड. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, शिडी फिरवली. वर डोळ्यांच्या विभागाच्या खिडकीत उभी असलेली एक सिस्टर म्हणाली, "बाई, आज फार बारकाईने चाललंय." बाई हसल्या आणि दिसतंय अशा थाटात सुरी चालवत राहिल्या.

खरं सांगितलं असतं तर पुढचं त्यांना माहीत होतं. डोळे अधू झालेल्या दवाखान्याच्या धोब्याला इस्त्रीवरून काढून घड्या घालायला बसवलं होतं. बाईंच्या हातातली सुरी जाऊन झाडू आला असता. म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दवाखान्यात नाही, आणि घरीही नाही.

घरी त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, नणंदेने लग्न केलं नाही. शिलाई मशीनच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत नणंद कपडे शिवायची, मागच्या खोलीत दोघी झोपायच्या आणि एकमेकींच्या घोरण्याबद्दल तक्रार करायच्या.

गुरुवारी दुपारी नव्या इमारतीचा मुकादम बागेत आला. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याने ते पोटाशी धरलं, तेव्हाच बाईंना काय ते समजलं.

"बाई, क्रेन सोमवारी येतेय. पुढच्या महिन्यात तिला दुसरीकडे काम आहे."

"दहा आठवडे म्हणाला होतात."

"मी म्हणालो होतो. क्रेनवाला नव्हता म्हणाला." तो झाडाकडे बघत राहिला. "तुमची गाठोडी काढून न्या रविवारपर्यंत. झालीच असतील ना मुळं? पानं तर झकास आहेत."

गुटी कच्ची असताना कापली तर फांदी आठवड्यात वाळते. न कापावी तर सोमवारी झाडाबरोबर जाणार. आणि उघडून बघावी, तर कोवळी मुळं काचेसारखी मोडतात. त्यातही उघडून बघणाऱ्याला दिसायला हवं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या दिवशी चेरीवर चौदा ठिकाणी लटकत होतं.

संध्याकाळी बाईंच्या साडीवर घालायच्या कामाच्या सदऱ्याचं बटण तुटलं. त्या सुई-दोरा घेऊन नणंदेकडे गेल्या.

"वन्सं, एवढं ओवून द्या."

नणंदेने मशीन थांबवली. दोरा ओवला, पण सुई दिली नाही.

"तीन महिने झाले, वहिनी. सुई मी ओवते. तांदूळ मी निवडते. परवा पावतीवरची तारीख मला वाचायला लावलीत आणि म्हणालात, अक्षर घाण आहे. छापील होती ती."

"वय झालं, वन्सं."

"माझं काय कमी झालंय? मी तुमच्यापेक्षा दीड वर्षाने मोठी." तिने सुई बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. "किती सुया आहेत?"

"दोन," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "एक."

 बटण नणंदेनेच लावलं, दाताने दोरा तोडला. मग म्हणाली, "डोळ्यांच्या विभागाखाली तीस वर्षं काढलीत तुम्ही. वर जायचा जिना सापडला नाही वाटतं?"

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. डोळ्यांचं थोडक्यात, गुट्यांचं सविस्तर. नणंदेला झाडांचं काही कळत नव्हतं. घरातल्या कुंडीतलं रोपही तिच्याकडे पाठ फिरवून वाढतं, असं बाई म्हणत. पण सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "मुळं दिसतात कशी?"

"पांढरी. जाड दोऱ्यासारखी."

"दोरा मला कळतो," नणंद म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी चौकात गेल्या. नणंदेने चष्मा, शिवणाची बारीक कात्री आणि पाण्याचा डबा घेतला होता. शिडी बाईंनी धरली. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच खालून शिडी धरली होती, आणि वर बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"आधी काळं प्लास्टिक काढा. आतलं पारदर्शक आहे, ते नका काढू. बाहेरूनच बघा. हळू."

"मी रेशमाचे कपडे उसवते, वहिनी." वर प्लास्टिक चुरचुरलं. "पहिली. शेवाळ आहे."

"आणि?"

"आणि शेवाळच आहे."

दुसरीत शेवाळ. तिसरीत डिंकाचा पिवळा गोळा. चौथीत शेवाळ. पाचवी बाईंनी हट्टाने उघडायला लावली आणि फांदी खाली वाकवून स्वतःचा अंगठा आत घातला. अंगठ्याला वरची साल लागली, खालची साल लागली आणि मध्ये एक गुळगुळीत उंचवटा लागला. पूल. थर राहिला होता, साल जुळली होती, फांदी आठ आठवडे ऐटीत हिरवी राहिली होती. बाईंनी अंगठा पदराला पुसला. सहावी, सातवी, आठवी तीच गत. नववी बघून नणंद तशीच पुढच्या फांदीकडे सरकली.

डोळ्यांच्या विभागातली सिस्टर खिडकीत आली. ती वाकून शिडीकडे बघत राहिली.

"दहावी," नणंद म्हणाली. मग तिने चष्मा कपाळावर चढवला, पुसला, पुन्हा लावला. "वहिनी, इथे काहीतरी शिवलंय कुणीतरी."

"काय?"

"पांढरं. चार, पाच… प्लास्टिकला आतून चिकटलंय. एक तर गोल फिरून परत वर गेलंय."

बाईंनी शिडी घट्ट धरली. अकरावीत नव्हतं. बारावीत होतं, तेरावीतही. चौदावीत फक्त गाठीसारखे पांढरे फुगवटे होते, मूळ म्हणता येणार नाही असे.

शेवटच्या चार-पाच गुट्या ऊन उतरल्यावर बांधल्या होत्या, हे बाईंना आठवलं. खिडकीत कुणी उरलं नव्हतं. दिसण्याचं सोंग कुणासाठी करायचं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि नुसत्या अंगठ्याने खरवडलं होतं, बुळबुळ जाऊन लाकूड कोरडं, खडबडीत लागेपर्यंत. हे त्या नणंदेला सांगणार होत्या, पण नणंद विचारत होती, "कापू कुठे?"

"गाठोड्याच्या खाली. एक इंच सोडून. एका झटक्यात."

तीन गुट्या कापल्या. चौदावीही घेतली, सोडवेना म्हणून. शेवाळ न हलवता चारही कुंड्यांत लावल्या, काठ्यांना बांधल्या, अर्धी पानं कापून टाकली आणि कुंड्या धोबीखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला ठेवल्या. तिथे ऊन येत नाही आणि वाफेने हवा दमट असते. सोमवारी क्रेन आली. बाई त्या वेळी धोबीखान्यात होत्या. करवतीचा आवाज तिथे यंत्रांमुळे ऐकू येत नाही.

चौदावी चौथ्या दिवशी वाळली. बाकीच्या तिघींनी माना टाकल्या.

त्याच आठवड्यात बाई अधीक्षकांकडे गेल्या. तीन आहेत म्हणाल्या, तगतील की नाही सांगता येत नाही म्हणाल्या, आणि डोळ्यांचंही सांगितलं. अधीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "सुरी सध्या कपाटात ठेवा," ते म्हणाले. "आणि वर जाऊन नंबर लावा." नणंद बाहेर बाकावर बसली होती. तिने विचारलं, "झाडू दिला का?" "अजून नाही," बाई म्हणाल्या.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी पट्टी बांधून बाई वरच्या मजल्यावर खिडकीकडच्या खाटेवर होत्या. खिडकीबाहेर खड्डा होता. नणंद भेटायला आली ती धोबीखान्यावरून.

"पाणी घातलं?"

"घातलं."

"माती बोटाने बघितली आधी?"

"बघितली. दोन उभ्या आहेत. तिसरीची मान आजही पडलेलीच आहे."

"कुठली तिसरी? डावीकडची का मधली?"

"वहिनी, त्यांची बारशी झाली नव्हती माझ्यासमोर. नळाजवळची."

नळाजवळची म्हणजे बारावी. बाईंनी पाठ भिंतीला टेकली.

मग पानगळ आली. बारावी गेली होती; उरलेल्या दोन्ही कुंड्यांतली पानं लाल होऊन गळाली. ती ऋतूने गळाली की रोप मेलं म्हणून, हे थंडीत कुणालाच सांगता येत नाही. धोब्याने एकदा काड्या समजून त्या कुंड्या कचऱ्यात ठेवल्या होत्या, बाईंनी त्या परत आणल्या आणि भिंतीला खडूने मोठी फुली मारली. खड्ड्यात आता खांब उभे राहत होते. मुकादम भेटला की विचारायचा, "किती?" बाई म्हणायच्या, "दोन कुंड्या आहेत." दोन झाडं आहेत, असं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती.

थंडी सरता सरता, एका कोरड्या सकाळी, बाई धोबीखान्यामागे उकिडव्या बसल्या. सुरी कपाटातच होती. त्यांनी दहाव्या गुटीची काडी दोन बोटांत धरली आणि बुडाशी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी, अंगठ्याच्या नखाने साल इवलीशी खरवडली.

खाली एक थर होता. कागदाहून पातळ, ओला, हिरवा. उन्हाळ्यात सुरीखाली हाच दिसला नव्हता.

त्यांनी दुसऱ्या कुंडीतही नख लावलं. तिथे दिसायला जरा वेळ लागला. हिरवं होतं, पण फिकं. बाईंनी ओरखड्यावर ओली माती दाबली आणि उठून मुकादमाला शोधायला गेल्या. सहा गोलांपैकी दोन गोलांच्या जागी सिमेंट टाकू नका, एवढं त्याला आजच सांगायला हवं होतं. दुसऱ्या रोपाची खात्री नाही, हे त्याला सांगायचं की नाही, ते त्यांनी वाटेत ठरवायचं ठेवलं.